मुलाचे गुणपत्रक कोणाचे?

श्रोतेहो, बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. वार्षिक परीक्षा जवळ आली होती. दुपारच्या वेळी आम्हा प्राध्यापकांच्या खोलीत एक गृहस्थ आले. अंगात धुतलेले पांढरे कपडे, डोक्याला टोपी, बोलणे अदबीचे. त्यांनी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका मुलीचे नाव घेतले आणि म्हणाले, "मी तिचा चुलता. बाजाराला आलो होतो, म्हटलं पोरीचं कसं काय चाललंय ते विचारून जावं." मला बरे वाटले. मुलीच्या अभ्यासाची चौकशी करायला घरचे माणूस आपणहून येते, हे आमच्याकडे काही रोज घडत नाही. मी हजेरीपट काढला, चाचणीच्या गुणांची वही काढली, आणि जे होते ते सांगून टाकले. दोन विषयांत नापास, आणि डिसेंबर महिन्यात ओळीने तीन आठवडे गैरहजर. गृहस्थांनी मान डोलावली, चहा घेतला, आभार मानले आणि ते गेले.

ते तिचे चुलते नव्हते. मुलीला स्थळ आले होते, आणि मुलगी कशी आहे हे बघायला मुलाकडच्यांनी पाठवलेले ते मध्यस्थ होते. डिसेंबरातले ते तीन आठवडे ही मुलगी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात आईच्या उशाशी बसून होती. मध्यस्थाच्या तोंडून गावात गेले ते मात्र एवढेच, की पोरगी कॉलेजचे नाव सांगून घरून निघते आणि तीन-तीन आठवडे कॉलेजात नसते. स्थळ मोडले. त्याचे कोणाला फारसे दुःख नव्हते. पण बोलणाऱ्यांची तोंडे कोण धरणार? घरचे कंटाळले, आणि तिसऱ्या वर्षाला ती मुलगी आलीच नाही.

पुढे सहा-आठ महिन्यांनी तिचे वडील मला आठवड्याच्या बाजारात भेटले. मी आपली बाजू सांगू लागलो. मला काय ठाऊक, ते चुलता म्हणून आले, मी जे वहीत होते तेच सांगितले, वगैरे. वडिलांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "सर, तुम्ही खोटं काहीच सांगितलं नाहीत. पण ते त्याला कशाला सांगितलंत?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. तोपर्यंत मी असे समजून चाललो होतो, की शिक्षकाने खरे बोलावे, एवढे केले की त्याचे काम झाले. खरी गोष्टसुद्धा कोणाला सांगायची आणि कोणाला नाही, हा वेगळा प्रश्न आहे, हे मला त्या दिवशी बाजारात कळले. आणि तो प्रश्न थोडा पुढे नेला, की त्याच्या मागे दुसरा उभा राहतो. शाळा-कॉलेजात मुलाविषयी जे लिहून ठेवलेले असते, ते असते कोणाचे? लिहिणाऱ्या शिक्षकाचे? कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे त्या संस्थेचे? फी भरणाऱ्या आईबापांचे? की ज्याच्याविषयी लिहिले आहे त्या मुलाचे?

हे लिहिलेले म्हणजे काय काय, ते आधी पाहू. मूल शाळेत दाखल झाले, की जनरल रजिस्टरात त्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात यांची नोंद होते. मग हजेरीपट, चाचण्यांचे गुण, प्रगतिपुस्तक. शाळा सोडताना जो दाखला मिळतो त्यावर प्रगती आणि वर्तणूक असे दोन रकाने असतात. बहुतेक गुरुजी दोन्हीकडे 'चांगली' असे लिहून मोकळे होतात, आणि माझ्या मते ते फार शहाणपणाचे आहे. कारण तो कागद माणसाला जन्मभर पुरतो. याशिवाय शिष्यवृत्तीसाठी घरच्या उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते, असल्यास अपंगत्वाचे प्रमाणपत्र, आधार क्रमांक. पूर्वी हे सगळे कपाटात असे, आणि कपाटाला कुलूप असे. आता ते संगणकावर असते. दहावीच्या निकालाचेच पाहा ना. पूर्वी वर्तमानपत्रात नुसते बैठक क्रमांक छापून येत. आता संकेतस्थळावर बैठक क्रमांक आणि आईचे नाव घातले, की विषयवार गुण समोर येतात. शहरात ही आईच्या नावाची कडी बरी असेल. पण खेड्यात कोणाच्या आईचे नाव कोणाला माहीत नसते? निकालाच्या दुपारी मुलाच्या आधी शेजाऱ्याला टक्के कळलेले मी पाहिले आहेत.

या प्रश्नावर स्वतंत्र कायदा करून पन्नासाहून अधिक वर्षे त्याचा अनुभव घेतलेला देश म्हणजे अमेरिका. तिकडची उदाहरणे आपल्याला जशीच्या तशी लागू पडतात असे मी मुळीच म्हणत नाही. पण त्या कायद्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे.

तिकडच्या शाळांतून मुलांच्या नोंदींची जाडजूड पाकिटे तयार झाली होती. त्यांत गुण असत, बुद्धिमापनाचे आकडे असत, आणि शिक्षकांची मतेही असत. मुलगा भांडखोर आहे, घरचे वातावरण ठीक नाही, अशा तऱ्हेची. ही पाकिटे पोलिसांना किंवा नोकरी देणाऱ्यांना पाहायला मिळत. आणि मुलाचे आईबाप आले, की त्यांना सांगण्यात येई, ही कागदपत्रे गुप्त आहेत. तेव्हा न्यूयॉर्क राज्यातून निवडून आलेले सिनेटर जेम्स बकली यांनी १९७४ साली एक दुरुस्ती मांडली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची तीवर सही झाली आणि नोव्हेंबरात ती अमलात आली. कायद्याचे नाव लांबलचक आहे. लोक त्याला 'फेर्पा' म्हणतात.

त्या कायद्याने आईबापांना तीन गोष्टी दिल्या. मुलाची नोंद पाहायला मागितली, तर शाळेने ती पंचेचाळीस दिवसांच्या आत दाखवली पाहिजे. नोंदीत चुकीचे किंवा दिशाभूल करणारे काही असेल, तर ते दुरुस्त करून मागता येते, आणि शाळेने नकार दिला तर सुनावणी मागता येते. आणि तिसरे, तिऱ्हाइताला ती नोंद आईबापांच्या लेखी संमतीवाचून दाखवायची नाही; काही ठरावीक अपवाद तेवढे सोडून. म्हणजे पाहा, कायदा मुळात आईबापांसाठी जन्माला आला.

पण त्यात एक कलम असे आहे, की मुलाला अठरावे वर्ष पूर्ण झाले, किंवा त्याआधीच ते महाविद्यालयात दाखल झाले, की हे सगळे हक्क आईबापांच्या हातून निघून मुलाच्या हाती जातात. सतरा वर्षांची मुलगी विद्यापीठात गेली, की तिच्या गुणांविषयी विद्यापीठ बापाला सांगेल ते तिच्या संमतीने. आपल्याकडची पुष्कळ मुले आता तिकडे शिकायला जातात. घर गहाण टाकून शैक्षणिक कर्ज काढलेले वडील तेथील कार्यालयाला पत्र लिहितात, की माझ्या मुलाचे गुण कळवावेत. आणि उत्तर येते, की क्षमा करा, आम्हाला सांगता येत नाही, आपल्या मुलाला विचारा. वाचणाऱ्याच्या छातीत कळ येते. पैसे आमचे, मुलगा आमचा, आणि सांगता येत नाही म्हणजे काय?

हा सवाल तिकडच्या आईबापांनीही केलेला आहे, आणि कायद्याने त्यासाठी खिडक्या ठेवल्या आहेत. जे आईबाप आपल्या प्राप्तिकराच्या हिशेबात मुलगा आपल्यावर अवलंबून आहे असे दाखवू शकतात, त्यांना कॉलेज माहिती देऊ शकते. शब्द नीट ऐका, देऊ शकते. दिलीच पाहिजे असे नाही. तेथे कर न भरणाऱ्या आपल्याकडच्या आईबापांना ही खिडकी सहसा उपयोगी पडत नाही. दुसरी खिडकी जिवाच्या धोक्याची. मुलाच्या किंवा इतर कोणाच्या जिवाला, प्रकृतीला धोका असेल, तर संमतीसाठी थांबायचे नाही. २००७ साली व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात एका विद्यार्थ्याने गोळीबार करून बत्तीस माणसे मारली. पुढे चौकशी झाली तेव्हा असे दिसले, की त्या मुलाच्या मनाची अवस्था ठीक नाही हे निरनिराळ्या लोकांना थोडेथोडे ठाऊक होते, पण कायद्याचा अर्थ नीट न कळल्यामुळे जो तो गप्प राहिला. कायदा बोलू देत होता; माणसे भिऊन बोलली नाहीत. त्यानंतर २००८ साली नियम अधिक स्पष्ट करण्यात आले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडेही वसतिगृहात एखादे पोर चार दिवस जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, आणि तरी त्याच्या घरी फोन जात नाही. तेथे गुप्ततेचा काही संबंध नाही. तेथे घरच्यांना ताबडतोब कळवले पाहिजे.

आता शिक्षकबंधू-भगिनींच्या कामाचा एक खटला. आपण वर्गात काय करतो? चाचणी झाली, की वह्या शेजाऱ्याला द्यायला लावतो, उत्तरे फळ्यावर लिहितो, मुले एकमेकांच्या वह्या तपासतात, आणि मग आपण नावे घेतो व मुले मोठ्याने गुण सांगतात. ओक्लाहोमा राज्यातील ओवासो या गावच्या शाळांतूनही हेच चाले. तीन मुलांच्या एका आईने तक्रार केली, की यामुळे माझ्या मुलांना लाजिरवाणे होते, आणि हे फेर्पाच्या विरुद्ध आहे. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००२ साली न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की मुलांनी एकमेकांची वही तपासली म्हणजे काही शाळेची नोंद झाली नाही; शिक्षकाने ते गुण आपल्या वहीत उतरवून घेण्याआधी कायद्याचा त्यात संबंध नाही. निकाल योग्यच म्हणायचा. न्यायालय प्रत्येक वर्गात जाऊन बसणार कसे? पण त्या आईचे म्हणणे माझ्या मनातून गेलेले नाही. कायद्याने चालते म्हणून पस्तीस मुलांसमोर एखाद्याला "वीसपैकी दोन" असे ओरडायला लावलेच पाहिजे, असे कोठे आहे? मी स्वतः चौथीत असे ओरडलो आहे. विषय गणिताचा होता.

असो. आपल्या देशात काय आहे?

फेर्पासारखा, केवळ विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी केलेला कायदा आपल्याकडे नाही. पण निरनिराळ्या ठिकाणचे धागे जुळवले, तर काही एक वस्त्र तयार होते. माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो, हे १८७५ च्या कायद्यापासून ठरलेले आहे. तो मत देतो, करार करतो, स्वतःच्या सहीने खाते उघडतो. २०११ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात निकाल दिला, की माहितीच्या अधिकाराखाली परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येईल. त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले आहे, की परीक्षा घेणाऱ्या मंडळाचे विद्यार्थ्याशी विश्वासाचे नाते मानायचेच झाले, तर त्या नात्याने उत्तरपत्रिका त्याला दाखवावी लागेल आणि दुसऱ्या कोणाला दाखवायची नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. आणि २०२३ साली डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले, आणि कायदा टप्प्याटप्प्याने लागू व्हावा असे ठरले. त्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती म्हणजे मूल, आणि मुलाची माहिती हाताळण्यासाठी आईबापांची संमती, असे धरलेले आहे. अठरा पूर्ण झाली, की संमती ज्याची त्याची. हा कायदा संगणकावरच्या माहितीपुरता, किंवा कागदावरून संगणकावर चढवलेल्या माहितीपुरता आहे. शाळेच्या माळ्यावर वाळवी खात असलेल्या रजिस्टरांशी त्याला कर्तव्य नाही. तेथे आपली सदसद्विवेकबुद्धी हाच कायदा.

हे धागे एकत्र करून माझे जे मत बनले आहे ते असे. नोंद मुलाची आहे. शिक्षक आणि संस्था तिचे राखणदार आहेत. मूल लहान आहे तोवर आईबाप त्याच्या वतीने ती पाहतात, कारण मुलाला अजून आपले हित कळत नाही. मूल सज्ञान झाले, की आईबापांनी ती पाहावी ती मुलाच्या हातून. शिक्षकाच्या हातून, मुलाच्या पाठीमागे नव्हे.

कोणी म्हणेल, प्राध्यापक महाशय, हे पुस्तकी झाले. आमच्या मुलाचे अठरावे वर्ष कधी भरले हे आम्हालाही आठवत नाही. तो जेवतो आमच्या ताटात, राहतो आमच्या घरात. आम्हाला त्याचे गुण कळू नयेत म्हणजे काय तो पाहुणा झाला? या म्हणण्यात जोर आहे, आणि मी तो कमी लेखत नाही. आपल्याकडे शिक्षण हा एकट्या मुलाचा उद्योग नसतो. एकाला शिकवायचे म्हणून धाकट्याची शाळा सुटते, थोरली बहीण शेतात जाते. या सगळ्यांनी हिशेब मागितला तर त्यांना हाकलून देता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात असेच एक वडील माझ्याकडे आले. खरे वडील. त्या बाजारच्या गोष्टीनंतर मी नाते विचारून घेतो आणि खात्रीही करतो. विकास सोसायटीचे कर्ज डोक्यावर, त्यात म्हैस विकलेली. मुलगा सांगतो सगळे ठीक आहे. पण त्याच्या बोलण्यात ठीक दिसत नाही. "सर, तुम्ही नुसतं हो की नाही एवढं सांगा. पोरगं पास आहे का?" समोर हात जोडून उभ्या असलेल्या पन्नाशीच्या माणसाला काय सांगायचे? मला ठाऊक होते, की मुलाचे तीन विषय राहिलेले आहेत. खरे सांगतो श्रोतेहो, तोंडापर्यंत शब्द आले होते.

मी म्हटले, "तात्या, बसा. मी त्याला बोलावून घेतो. तोच सांगेल, तुमच्यासमोर, माझ्यासमोर."

त्यांना ते आवडले नाही. त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होते, की हा मास्तर पोराला पाठीशी घालतोय. शिपाई मुलाला शोधून घेऊन आला. वडिलांना पाहून मुलाचा चेहरा उतरला. मी त्याला एवढेच म्हटले, की तुझे वडील तुझा निकाल विचारायला आले आहेत. तो तुझ्या मोबाइलवर आहे. दाखवायचा की नाही ते तू ठरव, पण उत्तर तुला द्यावे लागेल. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्याने मोबाइल काढला आणि वडिलांच्या हातात दिला. वडिलांना ते इंग्रजी काही वाचता येईना. त्यांनी तो त्याच्याकडे परत केला आणि म्हणाले, "तूच वाच." मुलाने एकेक विषय वाचला. राहिलेले तीनही वाचले.

सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. वडील जाताना माझ्याशी बोलले नाहीत. मुलाने त्या तीनपैकी दोन विषय पुढच्या खेपेला काढले, तिसरा अजून आहे. मी स्वतः गुण सांगितले असते, तर कदाचित हेच झाले असते. पण मग बापाला पोराची गोष्ट मास्तराकडून कळली असती, आणि पोराला वाटले असते, की मास्तराने चुगली केली. आता निदान सांगणारा तो स्वतः होता. प्रत्येक वेळी हे जमेल असे नाही. एखादे घर असे असते, की गुण कळले की मुलीच्या अंगावर काठी पडणार हे शिक्षकाला पक्के ठाऊक असते. तेथे मुलीला आधी एकटीला विचारले पाहिजे, आणि तिने नाही म्हटले तर नाही म्हटले पाहिजे.

शाळेतल्या लहान मुलांचे प्रश्न वेगळे आहेत. तेथे आईबापांचा हक्क पुरा आहे. अडचण ही, की आईबाप म्हणून कोणाला धरायचे. काही मुख्याध्यापक एकटी आई आली, की तिला विचारतात, "वडील कुठं आहेत? त्यांची सही आणा." नवऱ्याने टाकलेल्या बाईने ती सही कोठून आणायची? अमेरिकेच्या नियमात न्यायालयाचा काही उलटा हुकूम नसेल, तर आई व वडील दोघांनाही सारखाच हक्क आहे, ते एकत्र राहत असोत वा नसोत. ही गोष्ट आपणही हुकुमाची वाट न पाहता पाळायला हरकत नाही.

त्याच नियमात पालक या शब्दाची व्याख्या मोठी समंजस आहे. आईबाप किंवा पालक जवळ नसताना जे माणूस त्यांच्या जागी मुलाला सांभाळते, तेही पालकच. बीड जिल्ह्यातल्या आणि त्या बाजूच्या शिक्षकांना याचे मोल लगेच कळेल. दिवाळीच्या सुमाराला आईबाप ऊसतोडीला निघून जातात आणि मुले आजीपाशी राहतात. चार-पाच महिने त्या मुलाचा सारा कारभार आजीकडे असतो. त्या आजीला प्रगतिपुस्तक दाखवायचे नाही, तर कोणाला दाखवायचे? तिला अक्षर येत नसेल, तर तिला बसवून वाचून दाखवले पाहिजे. राखणदाराने दार लावून घ्यावे ते परक्यासाठी. घरच्या माणसाला ओळखण्याइतके त्याला डोळे हवेत.

आणि एक विनंती व्हॉट्सॲपच्या गटाविषयी. चाचणी झाली, की संपूर्ण वर्गाच्या गुणांच्या तक्त्याचा फोटो पालकांच्या गटावर टाकण्याची पद्धत पुष्कळ शाळांतून पडली आहे. शिक्षकांवर कामाचा बोजा आहे, एका बोटात काम होते, हे मला कबूल. पण त्या एका बोटाने चाळीस घरांत चाळीस मुलांचे गुण जातात. तेथून ते पारावर जातात. प्रत्येकाला ज्याचे त्याचे गुण वेगळे पाठवायला अर्धा तास जास्त लागेल. तो नसेल मिळत, तर मुलाजवळ प्रगतिपुस्तक देऊन सही आणायला सांगण्याची जुनी रीत काही वाईट नव्हती. आम्ही त्या सह्या कधीकधी स्वतःच करत असू, ही गोष्ट निराळी.

त्या मुलीच्या प्रकरणानंतर मी आमच्या प्राचार्यांच्या मागे लागलो होतो. दोन वर्षे गेली, पण शेवटी एक लहानशी गोष्ट झाली. प्रवेशाच्या अर्जाला आम्ही एक ओळ जोडली. माझी हजेरी आणि माझे गुण विचारल्यास पुढील व्यक्तीला सांगावेत, असे छापून पुढे जागा मोकळी सोडली. विद्यार्थ्याने ती स्वतःच्या अक्षरात भरायची आणि खाली सही करायची. वाटेल तेव्हा कार्यालयात येऊन ती बदलायची मुभा. कोणी विचारायला आले, की आमचे लिपिक आधी तो अर्ज काढून नाव पाहतात.

पहिल्या वर्षी अर्ज गोळा झाले तेव्हा लिपिक गठ्ठा घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, घोटाळा झालाय. बऱ्याच मुलींनी इथं वडिलांचं नाव लिहिलेलंच नाही. आईचं लिहिलंय. काहींनी तर आजीचं लिहिलंय. दोघी-तिघींनी रेघ मारलीय. परत भरून घेऊ का?"

मी म्हटले, "नको, तसेच राहू द्या."